फाईलमधल्या बाईची तुम्ही विचारपूस केलीत

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचा, निकाल लागला, मी पास झाले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हे पत्र त्यासाठी नाही. क्लास संपता संपता तुम्ही विचारलेल्या एका प्रश्नासाठी आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण ऑनलाइन समाजकार्याचा विभाग चालवणारं माणूस कसं असू शकतं, हे आमच्या भागातल्या पोरींना कळायला पाहिजे.

माझ्या केसवर्कमधल्या सुनंदाताई तुम्हाला आठवतात. नाव बदललेलं आहे, बाकी सगळं खरं. नवऱ्यानं पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारायचं औषध घेऊन जीव दिला. साहेबराव करपे यांचं चिलगव्हाण आमच्याच महागाव तालुक्यातलं. 19 मार्च 1986 ला त्या शेतकऱ्यानं बायकापोरांसह जीव दिला, ती घटना इथं लहान पोरालाही माहीत असते. तरी प्रत्येक घरी ते दुःख नव्यानंच येतं. सुनंदाताईंचं प्रकरण ‘अपात्र’ ठरलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना सरकारची 1 लाखाची मदत मिळायची तर कर्ज बँकेचं, सोसायटीचं, नाहीतर परवाना असलेल्या सावकाराचं लागतं. कृषी केंद्रावरची उधारी आणि गावातून व्याजानं घेतलेला पैसा कागदावर येत नाही. वावर सासऱ्याच्या नावावर, घरात शिकणारी मुलगी, आणि बाईच्या हातात फक्त मजुरी.

हे सगळं मी रिपोर्टात लिहिलं, तुम्ही तपासलं, मार्क दिले. फिल्डवर्कचे तास भरले. माझं त्यांच्याकडे जाणं मात्र सुरूच होतं. त्या जाण्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नव्हती आणि मला त्याबद्दल कोणी विचारतही नव्हतं.

मग कित्येक महिन्यांनी, संशोधन पद्धतीचा तास संपत आला असताना, तुम्ही माझं नाव घेतलं आणि म्हणालात, “सुनंदाताईंचं निराधार योजनेचं काय झालं? मुलगी शाळेत जाते ना?”

मला बोलता येईना. तुम्हाला वाटलं असेल नेटवर्क गेलं. नेटवर्क होतं, मॅडम. तुम्ही घाई केली नाहीत, दुसऱ्या कोणाला बोलायला सांगितलं नाहीत, थांबलात. माझा रिपोर्ट तुम्ही वाचला होता हे त्या क्षणी कळलं, आणि त्याहून मोठी गोष्ट ही, की त्यातली बाई तुमच्या लक्षात राहिली होती. त्यानंतर भामरागडच्या दादानं त्याच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्याचं सांगितलं, धारणीच्या ताईनं कुपोषित बाळाचं. पुढं प्रत्येक तासाला आधी माणसांची चौकशी आणि मग अभ्यास, असंच होत गेलं.

याआधी मी एका कॉलेजात रीतसर प्रवेश घेऊन समाजकार्यच शिकत होते. तिथं फिल्डवर्कच्या फाईलवर पान न उलटता सह्या व्हायच्या. एका घरचं दुःख मी रात्र जागून लिहून नेलं, तर मार्गदर्शक म्हणाले, “भाषा गावठी आहे, सुधारून आणा.” आत काय लिहिलंय हे त्यांनी विचारलं नाही. तीच माणसं आज म्हणतात की समाजकार्य ऑनलाइन शिकवताच येत नाही. मुंबईत 1936 साली हे शिक्षण सुरू झालं तेव्हापासून फिल्डवर्क हा त्याचा जीव आहे, हे मलाही मान्य आहे. पण माझं फिल्ड तर माझं गाव होतं. तास मोबाईलवर व्हायचा आणि काम धुऱ्यावर, ओट्यावर, तलाठ्याच्या दारात. वर्गात समोर बसलेल्या मुलीला जे मिळालं नाही, ते तुम्ही शेकडो किलोमीटरवरून दिलंत.

चांगुलपणाला फार मोठं काही लागत नाही. आमच्याकडे मयतीला सगळे येतात, तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं. त्यानंतर ‘कसं चाललंय’ म्हणून दारात येणारा एखादाच. बायाबापड्या त्यालाच आपला मानतात. मी तुम्हाला त्यातच धरते.

सुनंदाताईंचं संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मंजूर झालं. महिन्याला 1,500 रुपये खात्यात येतात. मुलगी एसटीच्या मोफत पासवर शाळेत जाते, यंदा दहावीला आहे. तुम्ही विचारलं होतं हे मी ताईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, “माहं नाव घेतलं त्याईनं?” खरं नाव तुम्हाला माहीत नाही, हे मी सांगितलं नाही. ‘अपात्र’च्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात दिलेला अर्ज अजून पडून आहे. पुढच्या आठवड्यात ताईंना घेऊन यवतमाळला जाते आहे. तिथं काय होतं ते तुम्हाला कळवतेच.

तुमची विद्यार्थिनी,
महागाव तालुका, जि. यवतमाळ