पोरींचा खेळ म्हणे

ता. समुद्रपूर, जि. वर्धा
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बापूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले.

इकडची खबर आधी. वावरात पूजा करून सीतादही झाली, पहिली वेचणी चालू आहे. दसऱ्याच्या तोंडावर पाऊस आला त्याने खालची बोंडं सडली, वरची बरी आहेत. सोयाबीन निघालं. त्याचा भाव बाबांना फोनवर विचारू नको, मग ते दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. आजीच्या गुडघ्याचं तेच. काल रात्री दूध आटवलं, गल्लीतल्या पोरींनी भुलाबाईची शेवटची गाणी म्हटली. डब्यातला खाऊ कुणालाच ओळखता येईना, आजीने मात्र डबा नुसता हलवून सांगितलं, मुरमुऱ्याचे लाडू.

आता मुद्द्याचं. ताई म्हणाली, होस्टेलवर तुझ्या खोलीतल्या पोरांनी लॅपटॉपवर तुझा स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम पाहिला आणि एकजण म्हणाला, "काय बे, पोरीवानी कोंबड्यायले कुरवाळत बसला?" त्यावर तू सांगितलंस की तो गेम बहिणीने टाकून ठेवला आहे. ताईला हसू आलं. मला नाही आलं. खोटं बोललास याचं काही नाही, होस्टेलवर तेवढं चालतं. राग आला तो त्या पोराच्या हसण्याचा.

काकांकडे कॉम्प्युटरवर फार्मिंग सिम्युलेटर आहे, तुला माहीतच आहे. स्वित्झर्लंडच्या कंपनीचा तो खेळ 2008 पासून चालू आहे. 2018 साली जी आवृत्ती आली तिच्यात त्यांनी जॉन डिअरचे ट्रॅक्टर आणले आणि कापूसही आणला. तर पोळ्याच्या सुमारास तुझ्या चुलतभावाने त्यात कापूस वेचायचं यंत्र घेतलं. अर्धी गल्ली पाहायला जमली. बाबा, काका, पलीकडचे आबाजी, सगळे खुर्च्या टाकून बसले. यंत्र पऱ्हाटीच्या तासांतून जातं, पांढरं सगळं गिळत जातं आणि मागून भला मोठा गठ्ठा सोडतं. आपल्याकडे वेचायला येतात त्यांतली एक दारात उभी होती. ती म्हणाली, "मंग आमी काय वेचाव वो बाई?" सगळे हसले, पण उत्तर कोणी दिलं नाही.

दाढी आलेला पोरगा खोटा ट्रॅक्टर चालवत बसला होता, तरी त्याला कुणी पोरकट म्हटलं नाही. उलट काका सांगत होते, "शेतीचं शिकून रायला." आणि तू तीच शेती झारीने पाणी घालून, कोंबड्यांच्या पाठीवरून हात फिरवून, शेजारणीला तिच्या आवडीचं काही नेऊन देऊन करतोस, तर तो पोरींचा खेळ. का, ते तुला आपल्या वावरात उभं राहिलं तरी दिसेल. ट्रॅक्टर, डवरा, फवारणी गड्यांची. सरकी टोबणं, निंदण, वेचणी बायांची. गड्याची रोजी जास्त, बाईची कमी, आणि वेचणी किलोवर. खेळ बनवणाऱ्यांनी समुद्रपूर कधी ऐकलंही नसेल, पण हसणाऱ्यांनी वाटप अगदी आपल्यासारखंच केलं. तुझ्या खोलीतला पोरगा गेमला हसलाच नाही, बापू. तो पाणी घालण्याला, झाडलोटीला, कुणाची विचारपूस करण्याला हसला. ती माझी कामं आहेत. मी दिवसभर तेच करते.

हे काही आपल्याकडचंच नाही. तू बारावीत असताना खेळायचास तो द सिम्स आठवतो ना, घर बांधायचं, माणसांना जेवू घालायचं, वेळेवर झोपवायचं. मी मोबाइलवर त्याच्याबद्दल शोधलं, इंग्रजीतलं ताईने समजावून सांगितलं. अमेरिकेत ओकलंडच्या टेकड्यांवर 1991 साली मोठी आग लागली होती, त्यात विल राइट नावाच्या गृहस्थाचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना एकेक वस्तू विकत घ्यावी लागली, आणि माणसाला कशाकशाची गरज असते, कोणती वस्तू घरात का असते, यावर तो विचार करत बसला. त्यातून त्याला खेळ सुचला. शहर वसवायचा सिमसिटी हा खेळ त्याने आधीच केला होता, नाव झालेलं होतं. तरी त्याच्या मॅक्सिस कंपनीतल्या वरच्या लोकांना हे पटेना. बाहुलीघर पोरींचं, आणि पोरी तर कॉम्प्युटरवर खेळतच नाहीत, मग घेणार कोण? त्या खेळात संडाससुद्धा घासावा लागतो, म्हणून कंपनीत त्याला संडासाचा गेम म्हणून हिणवत. घासणाऱ्याला हसायची रीत तिकडेही आहे म्हणायची!

शेवटी 2000 साली तो बाजारात आला आणि दोनच वर्षांत तोवरच्या सगळ्या कॉम्प्युटर गेममध्ये जास्त खपलेला ठरला. खेळणाऱ्यांत बायका भरपूर होत्या. ज्यांच्याबद्दल कंपनी म्हणत होती की त्या खेळतच नाहीत, त्याच. पण गंमत अशी की, त्यानंतर लोकांनी आधीची समजूत टाकून दिली नाही, नुसती उलटी करून ठेवली. आधी बाया खेळत नाहीत म्हणून हा गेम चालणार नव्हता. आता बाया खेळतात म्हणून तो खरा गेमच नाही.

शेतीच्या खेळाचं तर आणखी नवल. त्याची सुरुवात जपानच्या यासुहिरो वादा यांची. हा माणूस मियाझाकी भागातल्या खेड्याकडचा, कामासाठी तोक्योला गेला, आणि मागे राहिलेल्या गावाच्या आठवणीतून त्याने 1996 साली खेळ बनवला. बाहेरच्या देशांत तो हार्वेस्ट मून या नावाने गेला. त्या पहिल्या खेळात शेतकरी फक्त मुलगाच होता. मुलगी होऊन शेती करायची तर पुढच्या आवृत्त्यांची वाट पाहावी लागली. म्हणजे ज्या खेळात आधी पोरींच्या हाती वावर दिलंच नव्हतं, तोच वीस-पंचवीस वर्षांत पोरींचा झाला! तुझा स्टारड्यू त्याच वाणाचा. तो सिॲटलच्या एरिक बॅरोन या एकट्या पोराने चार-साडेचार वर्षं खपून बनवला, चित्रं त्याची, संगीत त्याचं, आणि मधल्या काळात पोटासाठी तो एका थिएटरात लोकांना जागेवर बसवायचं काम करत होता. 2016 साली आला, आणि 2024 सरेपर्यंत चार कोटींच्या वर खपला. चार कोटी पोरीच असतील का रे? आणि असल्या तरी काय बिघडलं?

ॲनिमल क्रॉसिंगवाले कात्सुया एगुची मला जास्त आवडले. ते निन्तेंदो या गेमच्या कंपनीतल्या नोकरीसाठी चिबा सोडून क्योतोला गेले, तिथे ना घरचे ना मित्र. ती उणीव भरून काढायला त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचा खेळ केला, 2001 साली. होस्टेलच्या पोरांना हे सांगायला हरकत नाही. घरापासून लांब राहणाऱ्या पोराने बनवलेला खेळ घरापासून लांब राहणाऱ्या पोराने खेळावा, यात चूक काय?

तुझ्या मामांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, शहरातल्या लोकांना शेतीची हौस असते, त्यांनी खेळावं. कास्तकाराच्या पोराने कायले? हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण स्टारड्यूमध्ये शहरातच गोष्ट सुरू होते. ऑफिसात पिचलेला माणूस आजोबांची चिठ्ठी उघडतो आणि त्यांच्या शेतावर जातो. आपल्या गावात पोरं नेमकी उलटी निघतात. आणि ती शेतीही किती सुखाची! पार्सनिप नावाचं कंद आहे, त्याचं बी वीसला, चार दिवसांत तयार, आणि साधा पस्तीसला जातोच. रोज जातो. अडत्या नाही, ओलावा जास्त म्हणून कट्टी नाही. आपल्या लांब धाग्याच्या कापसाला 2024-25 साली हमीभाव 7,521 रुपये क्विंटल होता, आणि हिंगणघाटच्या बाजारात गाडी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो पडला का, हे तू बाबांना विचार. नाही, नको विचारू. गेममध्ये कावळे तेवढे येतात, बुजगावणं लावलं की तेही नाही. रोही नाही, रानडुक्कर नाही, रात्रीची जागल नाही, बोंडअळी नाही. आजी एकदा मागे बसून पाहत होती. म्हणाली, "यात कर्ज कुटी हाय?" मी म्हटलं, नाही. "मंग हे सपन हाय," म्हणाली, आणि तरी पीक निघेपर्यंत बसून राहिली.

म्हणून मामांना माझं उत्तर हेच, की शेतकऱ्याला त्या खेळात खोटं काय ते शहरातल्यापेक्षा लवकर दिसतं, आणि तरी त्याला तो आवडू शकतो. मला आवडतो. तू जुन्या मोबाइलवर टाकून दिलास तेव्हापासून भांडी झाल्यावर मी खेळते, हे बाबांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, आता तुला सांगते. मी शेताकडे कमी बघते, गावाकडे जास्त. कुणाला काय आवडतं ते लक्षात ठेवायचं, आठवड्यात एकेकाला दोनच वस्तू देता येतात म्हणून जपून द्यायच्या. कोंबडीला रोज हात लावला तर ती खुश राहते आणि अंडं मोठं देते. इथे मी इतक्या वर्षांत कुणाकुणाचं काय काय लक्षात ठेवलं, त्याचं अंडं कधी मोठं झालेलं दिसलं नाही. तिथे डोक्यावर लाल बदाम उमटतो. लगेच!

ताई मात्र या खेळाला कंटाळते. तिला बंदुकीचे आवडतात, ती काकांच्या पोरापेक्षा चांगली खेळते, आणि तिला गल्लीत म्हणतात, "पोट्टी हाय का पोट्टा?" दोघं भावंडं माझीच. तुम्ही एकमेकांचे खेळ चोरले असं लोक समजतात.

तुला तान्हा पोळ्याचं आठवतं का? मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू लाकडी नंदीला चाकं, गळ्यात घागरमाळ, कपाळाला बेगड लावून घरोघर बोजारा मागत फिरायचास. सिंदी रेल्वेचा मोठा तान्हा पोळा पाहायला बाबांच्या खांद्यावर गेला होतास. तेव्हा लाकडाच्या बैलाला तू चारा दाखवायचास, पाणी दाखवायचास, रात्री पोत्याने झाकून ठेवायचास. अख्खं गाव कौतुक करायचं. पोरीने भातुकली मांडली की ती बाईपण शिकते, पोराने नंदी ओढला की तो कास्तकारी शिकतो. जीव दोघांचा एकाच गोष्टीत रमलेला असतो. तुझा तर दोन्हीत रमायचा. ताईच्या बाहुलीच्या लग्नात जेवण वाढायला तूच असायचास, आणि पंगतीत कुणाला भात कमी पडू द्यायचा नाहीस.

आता त्या पोरांना जाऊन काही सांग असं मी म्हणत नाही. होस्टेल तुझं, तिथे कसं राहायचं ते तुला कळतं. पण गेम ताईच्या नावावर टाकू नको. द्यायचंच असेल तर माझं नाव दे. आईचा आहे म्हण, मला चालेल, कारण खरंच आहे.

आणि आता माझं काम. माझ्या गेममध्ये शरद संपत आला आहे. पुढे हिवाळ्यात तिथे उघड्यावर फारसं काही पिकत नाही म्हणे. आपल्याकडे हरभरा, गहू उभा असतो आणि हे लोक बर्फ बघत बसतात. गवत आत्ताच कापून साठवायला हवं, नाहीतर कोंबड्या उपाशी. त्यासाठी सायलो बांधायचा आहे. शंभर दगड झाले, माती झाली, पैसे आहेत. तांब्याच्या पाच कांड्या राहिल्या, आणि तांबं मिळतं खाणीत. तिथे ते हिरवे लिबलिबीत गोळे अंगावर उड्या मारतात, मी एकदा जाऊन उलट्या पावली परत आले. दिवाळीला आलास की खाणीत तेवढं तू जा. मारामारी बरोबर पोराच्या वाट्याला दिलीस, असं म्हणशील. म्हण. नाहीतर ताईला पाठवते, पण तिने तांब्याची मजुरी आधीच मागितली आहे.

तुझी
आई

ता. क. : चिवड्याचा डबा काकांच्या हाती पाठवते आहे. डबा परत आण, मागचे दोन तिकडेच आहेत.