लेकरासमोर वही न उघडणाऱ्या मामांना

नमस्कार मामा,

मागच्या रविवारी किराण्याच्या उधारीतले शेवटचे पैसे द्यायला आलो, तेव्हाच हे बोलायचं होतं. दुकानात गर्दी होती, अन् माझाही गळा दाटून आला होता. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कामगार वसाहतींत राहणाऱ्या सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय.

ज्या कंपनीत मी सीएनसी मशीन चालवायचो, तिथल्या ठेकेदाराने ऑर्डर कमी झाल्याचं सांगून एका संध्याकाळी आम्हाला गेटवरच थांबवलं. उद्यापासून येऊ नका. बस्स. 'तू तर घरचा माणूस' म्हणून सणावाराला डबल ड्युटी करून घेणाऱ्या साहेबांनी त्या दिवसानंतर माझा फोन उचलला नाही. अनुभवाचा दाखला मागायला गेलो तर वॉचमनच्या तोंडून निरोप आला, नंतर या. काम नसलं की माणसं कमी करावी लागतात, हे मला समजतं. पण इतकी वर्षं घाम गाळलेल्या माणसाला समोर बसवून दोन शब्द बोलायला काय पैसे पडतात? हा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा आम्ही चौकातल्या दुसऱ्या दुकानातून किराणा भरायचो. पगार चालू होता तोवर तिथं मान होता. पहिला महिना थकला अन् लेक साखर आणायला गेली, तर त्या दुकानदाराने गिऱ्हाइकांसमोर वही तिच्याकडे फिरवली. "पप्पाला म्हणावं, आधी हे द्या." पोरगी चौथीत. रिकामी पिशवी घेऊन आली अन् न जेवताच झोपली.

मग बायको तुमच्याकडे आली. तुम्ही एवढंच विचारलं, "घरात माणसं किती?"

लेक तुमच्याकडे यायला लागली. चिठ्ठी द्यायची, तुम्ही गोडेतेल, तूरडाळ, साबण पिशवीत भरायचात, पिशवीला गाठ मारून तिच्या हातात द्यायचात. एक दिवस तिनंच मला विचारलं, "पप्पा, मामा वहीत काहीच लिहीत नाहीत. आपल्याला फुकट देतात का?" मला धस्स झालं. रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी आलो. शटर अर्धं खाली होतं, तुम्ही खाली बसून लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत होतात. माझ्या पानावर त्या दिवसाचं सगळं होतं, काडीपेटीसकट. मी विचारलं तर मान वर न करता म्हणालात, "लेकरासमोर वही उघडत नसतो मी. हिशोब तुझा अन् माझा हाय. तिचा काय संबंध?"

मामा, तुम्ही किती दिवस पैशासाठी थांबलात, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण त्याहून मला ही न उघडलेली वही मोठी वाटते. बाप घरी बसलेला असताना माझी लेक दुकानात पळत जायची अन् पळत यायची. गल्लीत कुणापुढं तिची मान खाली गेली नाही. त्या महिन्यांत मला उभं ठेवलं ते ह्यानं.

त्याच रात्री तुम्ही मला तांदळाच्या पोत्यावर बसवून घेतलंत. तुम्ही स्वतः एका बंद पडलेल्या कारखान्यातून बाहेर पडलेले, तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक. "पीएफ घाईनं समदा उचलू नको. नोकरीची दहा वर्षं भरली नाहीत तर म्हातारपणी पेन्शन नाही." अन् ईएसआयसीचं, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या कामगार विम्याचं. ते कार्ड दवाखान्यापुरतं, एवढंच मी धरून चाललो होतो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 पासून आहे, नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला तिच्यातून जास्तीत जास्त 90 दिवसांचा भत्ता मिळतो, 2020 मध्ये तो सरासरी रोजच्या पगाराच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्के केला. यातलं एक अक्षर मला कंपनीतल्या कुणी सांगितलं नव्हतं. किराणा दुकानदाराने सांगितलं.

मी कुणाला काम मागायलाही लाजत होतो, हे तुम्ही ओळखलंत. म्हणालात, "बहात्तरच्या दुष्काळात आमचा बाप खडी फोडायला गेला. सुकडी अन् लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर आम्ही लेकरं जगलो. त्याला कुणी भिकारी म्हणलं का? मग तू कामून लाजायलास?" त्याच दुष्काळी कामांतून पुढं 'मागेल त्याला काम' देणारा 1977 चा रोजगार हमी कायदा झाला, हे मी शाळेत पाठ केलं होतं. ते मनात उतरलं तुमच्या दुकानात. दुसऱ्या दिवसापासून भेटेल त्याला सांगत सुटलो, काम गेलंय, कुठं असेल तर कळवा. शेंद्र्याच्या एमआयडीसीतली आत्ताची नोकरी अशीच, एका जुन्या हेल्परच्या फोनवरून लागली.

आपल्या वसाहतीत सगळे बाहेरून आलेले. कुणी बीडचा, कुणी परभणीचा, कुणी हिंगोलीचा. रातोरात खोली खाली करून गेलेल्यांची पानं तुमच्या वहीत मी पाहिलीत. मोंढ्यातला घाऊक व्यापारी तुमच्या पैशासाठी थांबत नाही. तरी तुम्ही नव्या माणसाचं पान उघडता. सात-दहा तारखेला पगार होईपर्यंत अर्ध्या गल्लीची चूल तुमच्यासारख्यांच्या शब्दावर पेटते. मोठ्या हुद्द्याच्या माणसांत जे मला दिसलं नाही, ते तुमच्यात दिसलं.

आता एक विनंती. आमच्या शेजारी भूमकडचा एक पोरगा राहतो. कंपनीच्या प्रेस शॉपमधून त्याला परवा घरी बसवलंय. बायको आहे, तान्हं लेकरू आहे. ईएसआयसीचं मी त्याला सांगितलंय, कागद जमवायला मदतही करतोय. तो एक-दोन दिवसांत तुमच्याकडे येईल. बोलायला लाजतो, तुम्हीच विचारा. त्याचं पान उघडलंत तर वर जामीन म्हणून माझं नाव लिहा.

तुमचा भाचा