सूचना : सभागृहातला गालिचा धुण्याबाबत

सर्व सदस्यांस,
चवथीपूर्वी सभागृहातला गालिचा धुऊन घ्यायचा आहे. मशीन भाड्याने आणून आपणच धुवू, असं काहींनी सुचवलंय. स्वस्त पडेल हे खरं. पण भाड्याच्या मशीनची पाणी ओढण्याची ताकद सहसा कमी असते. वरून कोरडा वाटला तरी कोपरा उचलून खाली हात लावा, अस्तर ओलंच लागतं. गोव्यातल्या पावसाळी हवेत तिथे बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. शाम्पू जास्त पडला तर चिकटपणा राहून धूळ उलट लवकर बसते. म्हणून हे काम व्यावसायिकांनाच द्यावं, असं समितीचं ठाम मत आहे.

घरचे छोटे सिंथेटिक गालिचे मशीनने जरूर धुवा. लोकरीच्यांना मात्र कढत पाणी नको.

दरपत्रकं रविवारच्या बैठकीत ठेवू. पूर्ण सुकवून देण्याचं काम दरात धरलंय का, ते आधी पाहा.

— सचिव