पैलवान, ती गोळी घेऊ नको

पैलवान,

परवा फोनवर हसत हसत म्हणालास ना, "तुझ्या मेडिकलवाल्याकडून तेवढी निळी गोळी पाठव, ती व्हायग्रा, इथं गावात मागायची लाज वाटते", तेव्हा मीपण हसून हो म्हणालो. पण रात्री डोळा लागेना. तुझ्या शर्टाच्या खिशातली ती छोटी डबी आठवली. पुतणीच्या लग्नात पंगतीत बसल्या बसल्या तू त्यातली एक जिभेखाली ठेवलीस आणि मला म्हणालास कुणाला सांगू नको. अरे ती सॉर्बिट्रेट, छातीत कळ आली की घ्यायची नायट्रेटची गोळी, आणि ही निळी एकत्र आल्या की बीपी असं धाडकन खाली येतं की माणूस उठतच नाही. व्हॉट्सॲपवरचं सांगत नाहीये, डॉक्टरने समोर बसवून सांगितलंय. निळी घेतल्यावर निदान २४ तास जिभेखालची चालत नाही, आणि ती जास्त वेळवाली टाडालाफिल असेल तर ४८ तास. आता छातीत कळ कधी येणार हे काय तू ठरवणारेस? गंमत बघ, ती गोळी कंपनीने मुळात छातीच्या दुखण्यासाठीच करायला घेतलेली, टेस्टिंगमध्ये भलताच गुण दिसला आणि १९९८ पासून ह्या कामाला विकायला लागले.

तर नाही पाठवत. शिव्या घाल पाहिजे तर.

मला हे सगळं कसं माहीत, तेपण सांगतो, आजवर कुणाला बोललो नाही. फौजेतून पेन्शन आल्यावर दोन वर्षांत माझंही तेच झालं, ताठरताच येईना. आधी म्हटलं नाईट ड्युटीचा थकवा, एटीएमच्या दारात बसून बसून. मग ही म्हणाली तुम्ही घोरता आणि अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. मी काहीच बोललो नाही, उलट दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ जास्त म्हणून तिच्यावरच ओरडलो. आयुष्यभर ६० दिवस ॲन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल रजेच्या हिशोबात संसार केला, आणि आता रोज घरी तर हे असं. हायवेच्या कडेला एक तंबूवाला बसायचा, बरण्यांत मुळ्या ठेवून, त्याला ४,८०० रुपये दिले. भस्म खाल्लं, तोंड आलं, बाकी काही नाही.

शेवटी माजी सैनिकांच्या पॉलीक्लिनिकला गेलो. रांगेत मागे गावचेच सुभेदार साहेब, त्यांनी विचारलं काय होतंय, मी म्हटलं कंबर. आत गेलो तर लेडी डॉक्टर! तिच्यापुढेपण आधी कंबरच सांगितली. ती हसली नाही, खुर्ची पुढे घेऊन सरळ विचारलं, "सकाळी उठल्यावर होतं का?" माझं तेपण बंद झालेलं, म्हणजे नुसत्या मनाचा खेळ नव्हे. शुगर केली, तीन महिन्यांची सरासरी ९.४. म्हणाली तिथल्या नळ्या हृदयाच्या नळ्यांपेक्षा बारीक, म्हणून आधी त्या तुंबतात, हृदयाची पाळी काही वर्षांनी येते. म्हणजे मला आधी घंटा वाजली होती. तुझीपण वाजली असणार रे, स्टेंटच्या आधी, फक्त तू बोलला नाहीस.

आपली खोडच ती. सिक रिपोर्टला गेलो तर कामचोर म्हणतील, तब्येतीची खालची कॅटेगरी लागली तर प्रमोशन जाईल, म्हणून ताप असला तरी पीटीला उभे. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला, कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांच्या, गेलो होतो एकदा, व्हीलचेअरवरचा एक पोरगा ह्याच विषयावर मोकळं बोलत होता, लग्नाचं, मुलांचं, सगळं. मला मान वर करवेना.

माझं आता पूर्वीसारखं नाही, पण आहे. शुगर उतरली, बिडी सुटली, रमचा कोटा मेव्हण्याला. मला गोळी चालते कारण मला नायट्रेट नाही. तुझी गोष्ट वेगळी, पण तुझ्यासाठी दुसरे उपाय आहेत म्हणतात, पंप असतो, इंजेक्शन असतं, ते तुझा हृदयवाला डॉक्टर बघेल. त्याला आधी विचार जिना चढण्याइतका दम झेपतो का. आणि त्या बीपीच्या गोळीनेपण कधी कधी असं होतं, बदलून मिळते, पण वहिनीची शपथ, आपल्या मनाने बंद करू नको. रात्री दचकून उठतोस तेपण सांग त्यांना, झोप नसेल तर काहीच धड होत नाही.

मंगळवारी सकाळच्या यष्टीने येतोय. स्टेंटची फाईल, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि पॉलीक्लिनिकचं कार्ड पिशवीत भरून ठेव. वहिनीला सांग कंबरेसाठी चाललोय, खरं काय ते तू सांगशील तेव्हा सांग. रांगेत मी उभा राहतो तुझ्या पुढे.

तुझाच,
बंकरमधला पार्टनर