तपासणीच्या खोलीत न विचारला जाणारा प्रश्न : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

एचआयव्हीचा धोका असलेल्या व्यक्तीला आपला विभाग तपासणी, कंडोम आणि प्रतिबंधक गोळ्या देतो. पण त्या वापरायच्या की नाहीत हे घरात कोण ठरवते, हा प्रश्न तपासणीच्या खोलीत क्वचितच विचारला जातो. जोडीदाराच्या मारहाणीला, जबरदस्तीला आणि धमक्यांना आपल्या प्रतिबंध कार्यक्रमात नेमके स्थान मिळावे, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जोडीदाराची हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता काही प्रदेशांत सुमारे दीडपट आढळली. याचे कारण केवळ बळजबरीच्या संबंधांत होणाऱ्या जखमा हे नाही. जी स्त्री कंडोमचा आग्रह धरते, तिच्याच चारित्र्यावर संशय घेतला जातो. मार बसेल या धास्तीने ती तपासणी पुढे ढकलते. आणि हात उगारणाऱ्या पुरुषाचे इतरत्रही संबंध असण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

प्रेपच्या, म्हणजे लागण होण्याआधीच ती टाळण्यासाठी घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या नियमित घेतल्या तर उत्तम संरक्षण देतात, पण त्या घरात ठेवाव्या लागतात. कपड्यांच्या घडीत दडवलेली बाटली नवऱ्याच्या हाती लागते, आणि ‘ही औषधे कोणासाठी घेतेस?’ या प्रश्नापासून मारहाण सुरू होते. पुढच्या भेटीत ती गोळ्या नको म्हणते आणि नोंदवहीत ‘औषध सोडले’ एवढाच शेरा पडतो. तो शेरा मला अन्यायाचा वाटतो. दीर्घकाळ परिणाम करणारी इंजेक्शने किंवा योनीमार्गात बसवायची, एचआयव्ही रोखणारे औषध हळूहळू सोडणारी डॅपिव्हिरिन रिंग लपवायला तुलनेने सोपी आहेत. ज्यांना गोळ्या घरी ठेवणे धोक्याचे आहे, त्यांच्यापर्यंत हे पर्याय आधी पोहोचायला हवेत.

हा प्रश्न केवळ विवाहित स्त्रियांचा नाही. समलिंगी पुरुषाला किंवा तृतीयपंथी व्यक्तीला ‘तुझ्या घरी सगळे सांगेन’ एवढी धमकी गप्प बसवायला पुरते. देहविक्री करणाऱ्या स्त्रीवरील अत्याचाराचा विषय निघाला की आपण ग्राहकाचा विचार करतो, पण ज्याला ती आपला माणूस म्हणते त्याच्याशी कंडोम मागणे तिला अनेकदा अधिक अवघड जाते. इंजेक्शनद्वारे नशा करणाऱ्या जोडप्यांत सुई बहुधा आधी त्याच्या हातात असते आणि मग तीच सुई तिला मिळते.

जोडीदार शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असताना ‘घरी सगळे ठीक आहे ना?’ असे विचारले, तर उत्तर ‘हो’ असेच येणार. म्हणून प्रत्येक व्यक्तीशी काही मिनिटे एकांतात बोलणे बंधनकारक करावे. मात्र विचारणाऱ्याला पुढे काय करायचे हे ठाऊक नसेल, तर नुसते विचारणेही घातक ठरते. समुपदेशकांचे प्रशिक्षण आणि निवारा, कायदेशीर मदत व मानसोपचार यांच्याशी प्रत्यक्ष जोडणी आधी उभी करावी. लैंगिक बळजबरीनंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची, एचआयव्हीची लागण टाळणारी औषधे रात्रीअपरात्रीही मिळावीत, आणि त्यासाठी आधी पोलीस तक्रारीची अट नसावी.

जोडीदाराला लागणीची माहिती देण्याच्या सेवेबाबत माझी विशेष विनंती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तिची शिफारस केली, ती ऐच्छिक सेवा म्हणून. किती जोडीदारांना कळवले, याचे उद्दिष्ट कर्मचाऱ्यांवर लादले की ही ऐच्छिकता कागदावरच राहते. कळवण्यापूर्वी मारहाणीचा धोका तपासावा आणि व्यक्तीने नकार दिल्यास तिच्या उपचारांत कोणताही अडथळा येऊ नये.

युगांडातील राकाई भागात एचआयव्ही सेवांमध्येच हिंसेविषयीची विचारणा व समुपदेशन आणले गेले आणि त्याला वस्त्यांमधील जनजागृतीची जोड दिली गेली. तेथे स्त्रियांनी सांगितलेली हिंसा कमी झाली आणि नव्या लागणीही घटल्या. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. आपल्या पुढील अंदाजपत्रकात एचआयव्ही कार्यक्रमाखाली या कामासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि ती किती केंद्रांपर्यंत पोहोचली, हे दरवर्षी जाहीर करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक समुपदेशक