चिलखताची पाठ बघू द्या

मा. संपादक,

तुमच्या पेपरात किल्ले, शस्त्रं, संग्रहालयं यावर नेहमी काहीतरी येतं म्हणून हे लिहितोय. मी पुण्यात गेमसाठी थ्रीडी कॅरेक्टर बनवतो, म्हणजे योद्धा, त्याचे कपडे, चिलखत, हत्यारं सगळं कॉम्प्युटरवर घडवायचं. ज्यांनी गेम खेळलेत त्यांना माहितीय की बऱ्याच गेममध्ये कॅमेरा हिरोच्या मागे असतो, खेळणारा तासन् तास त्याची पाठच बघतो, त्यामुळे आम्हाला चिलखताची पाठ, बंद, काखेतली जोडणी हे छातीपेक्षा जास्त लागतं. आणि आपल्याकडे नेमकं तेच बघायला मिळत नाही. भिंतीला टेकवलेलं काचेचं कपाट, खाली चिठ्ठी ‘चिलखत, 18 वे शतक’, बस. मागे एका संग्रहालयात मी वहीत पेन्सिलने स्केच काढत होतो तर तेही थांबवलं, परवानगी कोणाकडे मागू विचारलं तर कोणालाच सांगता येईना, फार वाईट वाटलं.

मग न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमची साइट उघडायची. त्यांनी 2017 मध्ये पावणेचार लाख फोटो कोणालाही फुकट वापरायला खुले केले, आपल्याकडचे चारआइने पण त्यांच्याकडे आहेत. चारआइना म्हणजे छाती, पाठ नि दोन बगला अशा चार पोलादी पाट्या, पट्ट्यांनी अंगाला बांधायच्या, आतून कड्यांचं चिलखत. ही कड्यांची जाळी कापडासारखी लोंबते, हात वर केला की अख्खी खेचली जाते, पत्र्याचं चिलखत असं वागतच नाही. हे न बघता काम केलं की भारतीय योद्ध्याच्या अंगावर युरोपातल्या नाइटचा पत्रा चढतो, मला ते बघवत नाही. दांडपट्ट्याचंही तेच, खोबळा म्हणजे मुठीवरचं लोखंडी आवरण कोपराच्या दिशेने वर येतं, मनगट वळतच नाही, वार सगळा खांद्यातून, म्हणजे हत्यार नीट कळलं नाही तर हालचालही चुकली.

घोस्ट ऑफ त्सुशिमा हा 2020 चा गेम अमेरिकेतल्या लोकांनी बनवलाय. गोष्ट 1274 च्या जपानची पण चिलखतं बरीचशी नंतरच्या काळातल्या धाटणीची, कारण त्या वेळचं ओ-योरोई हे सामुराईंचं चिलखत घोड्यावरून बाण मारणाऱ्यांसाठीचं, अंगावर पेटीसारखं चौकोनी. त्यांनी बदल केला तो ठरवून, मूळ काय होतं ते कळल्यावर. आपल्या पोरांना मूळच दिसत नाही तर बदलणार काय?

माझी विनंती एवढीच की राज्यातल्या संग्रहालयांनी निदान निवडक चिलखतांचे चारही बाजूंचे फोटो साइटवर टाकावेत. हल्ली वस्तूभोवती फिरून दोन-तीनशे फोटो काढले की थ्रीडी मॉडेल तयार होतं, वस्तूला बोटसुद्धा लावावं लागत नाही. कॅमेरे आम्ही आणू, सगळे फोटो आधी संग्रहालयाला देऊ, पैसे नकोत, फक्त काच उघडून देणारा माणूस आणि एक सुट्टीचा दिवस मिळाला पाहिजे.

– एक वाचक, पुणे