तुझे नाव पाठीवर लिहू का?

बोस्टन,
१ मार्च

तीर्थरूप सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आपण दर रविवारी फोनवर बोलतोच, तरीही आज मुद्दाम कागद घेऊन बसले आहे. तुला जे विचारायचे आहे ते विचारण्यासाठी मी फोनवर तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तू ‘जेवलीस का’ म्हणून विषय बदललास. खरे सांगायचे तर मीही तो बदलू दिला. शिवाय बाबांनी मागच्या आठवड्यात जे दोन प्रश्न विचारले, त्यांची नीट उत्तरे तेव्हा माझ्याजवळ नव्हती. म्हणून हे पत्र तुम्हा दोघांनाही आहे, पण त्याचा शेवटचा भाग बाबांनी मोठ्याने वाचून दाखवू नये, तो तू एकटीने वाचावास.

आधी धावण्याविषयी लिहिते, कारण तुला सर्वांत जास्त काळजी माझ्या गुडघ्यांची आहे. बोस्टनची मॅरेथॉन १८९७ पासून होत आली आहे आणि ती एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी असते, म्हणजे आता सातच आठवडे उरले. अंतर बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंचाण्णव मीटर. या शर्यतीत उतरण्यासाठी आधी दुसरी एखादी मॅरेथॉन ठरलेल्या वेळेत पूर्ण करावी लागते आणि ती वेळ माझ्या पायांच्या आवाक्यातली नाही. माझ्यासारख्यांना दुसरा मार्ग असतो, तो म्हणजे एखाद्या संस्थेसाठी निधी जमवण्याचे वचन देऊन तिच्या वतीने धावणे. मी डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या चमूत आहे आणि बारा हजार डॉलर जमवण्याचे कबूल केले आहे.

सराव नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू झाला. इथे डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, त्यामुळे कामावर जाण्यापूर्वी धावले काय किंवा नंतर धावले काय, काळोख ठरलेलाच. उणे बारा अंशांत धावताना पाण्याच्या बाटलीचे तोंड गोठून बसते आणि पापण्यांवर श्वासाचे दव साचून त्याचा बर्फ होतो. खरी भीती मात्र थंडीची नाही, रस्त्यावर डांबरासारख्याच दिसणाऱ्या पातळ बर्फाची आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यावरूनच मी घसरले आणि उजवा घोटा मुरगळला. हे तुला तेव्हा सांगितले नाही, त्याबद्दल क्षमा कर. तीन आठवडे धावणे पूर्ण बंद होते. पोहणे आणि जागेवरची सायकल एवढेच चालू होते. आता घोटा बरा आहे. डाव्या पायाच्या दोन नखांचा रंग मात्र जांभळाचा झाला आहे, ती बहुधा गळून पडतील, आणि लांब पल्ला धावणाऱ्यांत याला दुखापत म्हणतच नाहीत.

आठवड्यातून चार दिवस धावते, पण महत्त्वाचा दिवस शनिवारचा. त्या दिवशी लांब धाव असते आणि ती आम्ही शक्यतो प्रत्यक्ष शर्यतीच्याच रस्त्यावर करतो. शर्यत हॉपकिंटन नावाच्या लहानशा गावातून निघते आणि सुरुवातीचे बरेच अंतर उतारावर आहे. उतार म्हटले की सोपे वाटते, पण उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो आणि ते हळूहळू आतून कुटल्यासारखे होतात. पुढे न्यूटनच्या हद्दीत एकामागून एक चार चढ येतात. त्यांतल्या शेवटच्या चढाचे नाव हार्टब्रेक हिल. १९३६ साली जॉनी केली नावाच्या धावपटूने इथे पुढच्या धावपटूला, एलिसन ब्राउनला, गाठले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून तो पुढे गेला. ब्राउनला त्या थापेने जी चीड आली तीत त्याने केलीला पुन्हा मागे टाकले आणि शर्यत जिंकली. केलीचे काळीज तिथे फुटले असे एका वार्ताहराने लिहिले, तेव्हापासून हे नाव. चढाची उंची सत्तावीस मीटर आणि लांबी सहाशे मीटर. यवतेश्वरच्या घाटात लहानपणी मला चालत नेणाऱ्या बाबांना हे आकडे वाचून हसू येईल. पण हा चढ येतो बत्तीस किलोमीटर धावून झाल्यावर, जेव्हा स्नायूंत साठवलेली साखर संपत आलेली असते आणि सपाट रस्ताही अंगावर आल्यासारखा वाटतो. मागच्या शनिवारी मी सत्तावीस किलोमीटर धावले आणि हा चढ मुद्दाम शेवटी ठेवला. शेवटचे शंभर मीटर चालत गेले. तशी लाज वाटली नाही.

खाण्याचे तू विचारतेसच. सगळे जण गोड चिकट पाक भरलेल्या पुड्या चोखतात, पण त्याने माझे पोट बिघडते. राजगिऱ्याचा लाडू घेऊन पाहिला, तर त्याचे दाणे धापा टाकताना घशात गेले. शेवटी बिया काढलेला खजूर आणि त्यात चिमूटभर मीठ, एवढ्यावर मी स्थिरावले आहे.

आता बाबांच्या प्रश्नांकडे येते. पहिला प्रश्न होता की हे पैसे जातात कुठे. आजवर सात हजार तीनशे चाळीस डॉलर जमले. त्यांतले बरेचसे कार्यालयातल्या लोकांनी दिले, काही शेजाऱ्यांनी, आणि संक्रांतीच्या कार्यक्रमाला मराठी मंडळींना गुळाच्या पोळ्या करून विकल्या त्यांचे सहाशे दहा. पोळ्या करणे सोपे होते. पैसे मागणे जड गेले. आपल्या घरात कोणापुढे हात पसरायचा नाही हेच शिकत मी वाढले आणि इथे दर आठवड्याला तोच हात नव्याने पसरावा लागतो. जमणारा सर्व निधी डेना-फार्बरमधल्या मूलभूत संशोधनाच्या एका उपक्रमाला जातो. रुग्णाच्या उपचाराचे बिल त्यातून दिले जात नाही. पेशी कशी वाढते, का थांबत नाही, एखादे प्रथिन नेमके काय करते, अशा प्रश्नांचा शोध घेणाऱ्यांना तो मिळतो, आणि त्या शोधांचा उपयोग काय होईल हे आज कोणालाही सांगता येणार नाही.

यावर बाबांनी दुसरा प्रश्न विचारला आणि तो मला आठवडाभर पुरला. परळला टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर माणसे अंथरूण टाकून नंबरची वाट पाहतात, ती सोडून श्रीमंत देशातल्या श्रीमंत संस्थेला, तेही उपयोग ठाऊक नसलेल्या कामासाठी, पैसे कशाला द्यायचे? बाबा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या उत्तराने तो पूर्ण सुटत नाही. १९९८ साली आईच्या उपचारांसाठी आपण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत ज्या खोलीत राहिलो तिचे मोल मी जाणते आणि म्हणून तिथे दरवर्षी माझ्या पगारातून मी काही पाठवते. ते या निधीपासून वेगळे आहे. पण घोटा मुरगळून घरी बसले होते त्या तीन आठवड्यांत मी आईच्या औषधाचा माग काढत गेले आणि तो मला भलत्याच ठिकाणी घेऊन गेला.

आई, तुझ्या फाईलवर ‘सी. एम. एफ.’ अशी तीन अक्षरे होती. ती तीन औषधांची आद्याक्षरे. हे मिश्रण स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर उपयोगी पडते, हे इटलीतल्या मिलानच्या डॉक्टरांनी १९७६ साली दाखवून दिले. त्यांतले मधले अक्षर मेथोट्रेक्सेटचे. ‘ते पिवळे इंजेक्शन’ असे तू ज्याला म्हणायचीस, ज्याच्या नुसत्या रंगाने तुला पुढे वर्षभर पिवळे सरबत नकोसे झाले, ते हेच.

या औषधाचा भाऊ म्हणावा असा पदार्थ पहिल्यांदा वापरला तो याच शहरात. सिडनी फार्बर हे इथल्या मुलांच्या रुग्णालयात विकृतितज्ज्ञ होते, म्हणजे त्यांचे काम बव्हंशी मेलेल्या मुलांशी. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वाच्या जातीचे पदार्थ दिले, तर आजार उलट भडकतो असे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी हा प्रयोग फसला म्हणून सोडून दिला असता. फार्बरनी मात्र असा विचार केला की जे दिल्याने आजार वाढतो, त्याची वाट अडवली तर तो आटोक्यात येईल. फॉलिक आम्लासारखा दिसणारा, पेशीला फसवून तिच्यात शिरणारा, पण पेशीच्या विभाजनाला लागणारे काम न करणारा पदार्थ त्यांना हवा होता. तो त्यांना न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेतून मिळाला आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आतड्यांच्या आजाराने गेले होते, आणि त्या आजारावर पुढे फॉलिक आम्लच गुणकारी ठरले. जून १९४८ मध्ये फार्बर यांचा लेख प्रसिद्ध झाला: सोळा मुलांपैकी दहा मुले काही काळ सुधारली. काही काळच, पण तोवर या आजारात तेवढेही कोणी पाहिले नव्हते. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी वारले. (स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या ए. टी. पी. या रेणूच्या शोधातही, १९२९ साली, बोस्टनमध्येच त्यांचा हात होता. तेव्हा मी चढावर ज्या बळावर पाय उचलते तेही पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत हेच गृहस्थ होते. मला हे कोणत्याही शाळेत शिकवले गेले नाही.)

पण बाबा, खरी गोष्ट याच्याही आधीची आहे. फॉलिक आम्ल म्हणून असे काही आहे याचा पहिला सुगावा लागला तो मुंबईत. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ च्या सुमारास तिथे आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टचा अर्क दिल्यावर या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले; त्या अर्कात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, ते पुढे दहा वर्षांनी कळले. हे काम त्यांनी केले हाफकिन संस्थेत. म्हणजे परळला! टाटा रुग्णालयाच्या ज्या दारात तुम्ही आईची फाईल धरून उभे राहायचात, तिथून चालत काही मिनिटांवर. तेव्हा कोणी विचारले असते की गिरणीतल्या बायकांच्या रक्तक्षयाचा कर्करोगाशी काय संबंध, तर लुसी विल्सनाही काही सांगता आले नसते. परळहून निघालेली ती गोष्ट न्यूयॉर्क, बोस्टन, मिलान असा फेरा घालून सदुसष्ट वर्षांनी परळलाच, आईच्या शिरेत परतली. मी ज्या कामासाठी पैसे मागते आहे ते या जातीचे आहे, एवढेच माझे उत्तर.

आता तुझ्या एकटीचा भाग, आई.

आमच्या चमूतले बहुतेक जण धावताना सदऱ्याच्या पाठीवर कोणाचे तरी नाव लिहितात. माझ्या निधीच्या आवाहनातही मी कोणासाठी धावते आहे हे लिहावे, असे मला सगळ्यांनी सुचवले. मी ती जागा तीन महिने कोरी ठेवली आहे. मला आठवते, त्या वर्षी वाड्यातल्या सगळ्यांना तुझे पोटाचे ऑपरेशन झाले असे सांगितले होते. केस विरळ झाले तेव्हा तू घरातही डोक्यावरून पदर घेऊ लागलीस आणि मी विचारले तर म्हणालीस, सवय म्हणून. ताईला आणि मला त्या आजाराचे नाव तू सांगितले नाहीस; ते मी सोळाव्या वर्षी त्या फाईलवर वाचले आणि वाचले हे तुला सांगितले नाही. ताईचे लग्न ठरेपर्यंत हे बाहेर जाऊ नये, ही तुझी भीती तेव्हा मला समजत नव्हती. आता समजते, आणि ती निराधार होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

पण आता ताईच्या लग्नाला सोळा वर्षे झाली. तुला विचारल्याशिवाय मी तुझे नाव कुठेही लिहिणार नाही, कारण हा आजार तुझा होता, तेव्हा तो कोणाला सांगायचा हे ठरवण्याचा हक्कही तुझाच. तू नको म्हणालीस तर मी पाठ कोरी ठेवून धावेन आणि त्याने माझ्या धावण्यात काही उणे राहणार नाही. नुसते ‘आई’ लिहिलेले चालेल असे वाटले तर तसे कळव, देवनागरीत लिहीन, इथे वाचणारे थोडेच आहेत. आणि पूर्ण नाव चालणार असेल तर ते तुला कसे लिहिलेले आवडेल हेही कळव, कारण फाईलवर ते एका पानावर माहेरचे आणि बाकीच्या पानांवर सासरचे होते.

सदरे छापायला ५ एप्रिलपर्यंत द्यायचे आहेत. उत्तर बाबांकडून लिहवून घेऊ नकोस आणि फोनवरही सांगू नकोस. तुझ्या हातच्या दोन ओळी असल्या तरी पुरेत. पत्र टपालाने वेळेत पोहोचणार नाही असे वाटले तर भाच्याला त्याचा फोटो काढून पाठवायला सांग, पण कागद घडी घालून त्याच्याकडे दे, तो वाचल्याशिवाय राहायचा नाही.

बाबांना साष्टांग नमस्कार, ताईला आणि भाचरांना आशीर्वाद व प्रेम.

तुझी,
धाकटी